विमानाच्या दारात आत्या

४ मार्च

वन्संना सप्रेम नमस्कार.

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नका, सगळे धडधाकट आहेत. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही "हं", "बरं" आणि "ठेवते" एवढंच बोलता, पत्रात मात्र मोकळ्या होता, हे लग्नानंतरच्या सात वर्षांत मला कळून चुकलंय.

तर बातमी अशी, की सुट्टीत आम्ही तुमच्याकडे येतोय. हे, मी, ठकी आणि ढब्बू, अख्खी वरात. वीस एप्रिलला येऊ, दोन आठवडे राहू. आगगाडीने दोन दिवस लागतात आणि ढब्बू नुकता चालायला लागलाय, म्हणजे पळायलाच. दीड वर्षाचं ते कार्टं दोन दिवस डब्यातून पळणार आणि मी त्याच्यामागे, हे मला झेपायचं नाही. म्हणून विमान. आमच्यापैकी कोणीही आजवर विमानात पाय ठेवलेला नाही. हे तर म्हणतात, "वर काही बिनसलं तर उतरायचं कुठे?" तुम्ही विमानतळावरच नोकरीला, तेव्हा काय करावं, काय करू नये, चार शब्द सांगा.

आता खरं बोलते. दोन वर्षांपूर्वी तुम्ही आठवडाभर राहायला म्हणून आलात आणि ठकी तुम्हाला बघून जी टेबलाखाली गेली, ती बाहेर यायचं नावच घेईना. जेवली तिथे, झोपली तिथे. तिसऱ्या दिवशी "ऑफिसातून बोलावणं आलंय" म्हणून तुम्ही निघालात. बोलावणं कसलं न् काय, मला का कळत नाही? इतक्या घाईने गेलात की कोट इथेच राहिला. अहो, ती तेव्हा तीन वर्षांची होती. ह्या मुलांना आत्या एकच आणि तुम्हालाही भाचरं एवढीच. हे असं अर्धवट राहिलेलं मला सहन होत नाही. म्हणून येतोय, समुद्र वगैरे नंतर.

तुमची वहिनी


१२ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. या. घर दोन खोल्यांचं आहे. माणसं मावतील, आवाज मावेल की नाही ते सांगता येत नाही.

सल्ला मागितलास. मी पंधरा वर्षं विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसते. मला विमानातलं काही कळत नाही, विमानातून उतरलेली माणसं कळतात. मुलं घेऊन उतरलेला बाप लांबून ओळखू येतो, त्याच्या खांद्यावर कोणाचं तरी जेवण असतं. आईने सगळी आशा सोडलेली असते. माझ्याकडे लहान मुलांचे डावे बूट पोतंभर जमलेत, उजवे कुठे जातात देव जाणे. कवळ्या आहेत, एक तबला आहे. एकदा तर एक आजोबा जमा झाले. घरच्यांनी बॅगा मोजल्या, मुलं मोजली, बाबागाडी मोजली आणि आजोबा बाकावर झोपलेले तसेच राहिले. संध्याकाळी न्यायला आले तर आजोबा यायला तयार नाहीत! म्हणाले, इथे शांत आहे आणि चहाही बरा मिळतो. मूल मात्र आजवर कोणी विसरलेलं नाही. विसरलं असतं तर बरं झालं असतं, असे चेहरे रोज बघते.

तेव्हा एकच सांगते. हातातलं सामान कमी ठेवा आणि उतरताना मागे वळून बघा.

त्या टेबलाच्या गोष्टीचं मी काही मनावर घेतलेलं नाही. लहान मूल आहे, एखादं तोंड नाही आवडत. मला काहीच वाटलं नाही. मी तिच्यासाठी पिवळी पिशवी आणली होती तीही तिने टेबलाखालूनच हात काढून घेतली, तरी मला काही वाटलं नाही. गाडीत दोन दिवस मी त्याचा विचारसुद्धा केला नाही. फक्त एक विनंती आहे. ह्या वेळी "जा, आत्याकडे जा" म्हणून पोरीला माझ्या अंगावर ढकलू नका. मला सामान सांभाळता येतं, मुलं नाही.

दादाला आशीर्वाद देता येत नाही, मोठा आहे. म्हणून नमस्कार सांग.


२० मार्च

वन्सं,

"मनावर घेतलं नाही" हे तुम्ही एका परिच्छेदात इतक्या तऱ्हांनी लिहिलंत की ह्यांनी बोटांवर मोजून दाखवलं.

असो. आता गंमत ऐका. मी ज्या दातांच्या दवाखान्यात काम करते ना, तिथे मुलांसाठी एक पद्धत आहे. पहिल्या दिवशी दाताला हात लावायचा नाही. सगळं खोटं खोटं. खुर्ची वर, खुर्ची खाली, बाहुलीचे दात मोजायचे, शेवटी डॉक्टरांशी हात मिळवायचा आणि घरी जायचं. पुढच्या खेपेला खरं, पण क्रम तोच. एक पायरी गाळली की पोर तोंड मिटतं ते मिटतंच. डॉक्टर म्हणतात, मुलांना दुखलेलं चालतं, फसवलेलं चालत नाही.

तीच पद्धत मी घरी लावलीय. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या बाहेरच्या खोलीत रांगेने मांडायच्या. पुढच्या खुर्चीवर हे, हातात स्टीलचं ताट, ते चाक. पट्ट्याच्या जागी ह्यांचे लग्नातले टाय. हे घसा खाकरून सांगतात, "नमस्कार मंडळी, हवा बरी आहे, ढगात थोडे खड्डे आहेत." मग सगळ्यांनी हललंच पाहिजे. मी बिस्किटं वाटते. कान दुखू नयेत म्हणून जांभया देतो, त्यात हे खरंच झोपतात आणि विमान काही काळ बिनपायलटचं चालतं.

आणि शेवटची पायरी अशी, की विमान उतरतं, दार उघडतं, आणि दारात आत्या उभी असते! ठकी धावत जाते आणि आपली पिवळी पिशवी आत्याच्या हातावर अडकवते. हो, तुम्ही दिलेलीच. तिच्याशिवाय ती बाथरूमलाही जात नाही. "आत्या, मी आले!" म्हणते. रोज. माझं काळीज सुपाएवढं होतं.

तुमचं काम कोण करतं ते मात्र विचारू नका.

वहिनी


२८ मार्च

बाळे,

घाईत लिहितोय, गिऱ्हाईक चष्म्याचा नंबर तपासायला बसलंय आणि त्याला फळ्यावरचं सर्वांत मोठं अक्षरही दिसत नाहीये, तेव्हा थोडा वेळ आहे.

वाईट बातमी आधी. दुकानातला मदतनीस शिडीवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. दुकान बंद ठेवता येत नाही, त्यामुळे मला येता येणार नाही. तिकडे वहिनी एकटीच दोन्ही पोरांना घेऊन येईल. ठकी रोज विचारते, "बाबा नाही तर विमान कोण चालवणार?" मी सांगितलंय, एक काका आहेत, त्यांनाही येतं.

चांगली बातमी म्हणजे ठकीची भीती पार गेली. अगं, तुझ्यावर जीव टाकते ती! तू इथे विसरलेला तो काळा कोट आम्ही कपडे अडकवायच्या स्टँडवर चढवलाय. तीच आत्या. अगदी हुबेहूब, तीच उंची, तसेच ताठ हात. तू काही बोलत नाहीस, कपाळाला आठ्या घालत नाहीस, त्यामुळे घरात सगळ्यांना फार आवडतेस. ढब्बूला दात येतायत, तो तुझा पाय चावतो. परवा पाहुणे आले त्यांनी तुझ्यावर छत्री अडकवली तर ठकी केवढी भडकली! म्हणाली, "आत्यावर फक्त माझी पिशवी."

वाचून खूश होशील म्हणून मुद्दाम लिहिलं. वहिनी म्हणाली होती सांगू नका, पण चांगली गोष्ट का लपवायची?

दादा


३ एप्रिल

दादा आणि वहिनी,

दोघांना मिळून हे एकच पत्र.

वाचून खूश झाले. मी बोलत नसले की सर्वांना आवडते, हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त इतक्या स्वच्छ शब्दांत कोणी लिहून दिलं नव्हतं. घरात लाकडाची आत्या आहे, ती चावून घेते, छत्र्या वागवते. मग हाडामांसाची कशाला हवी? स्टँडच घेऊन समुद्रावर जा.

मी पोरीला घाबरवते हे एकदा कळलं होतं. आता पाहुण्यांसमोर माझी खुंटी झाली, हेही कळलं.

तिकिटं काढलीत, तेव्हा या. माझी वीस तारखेला ड्यूटी आहे. दारात वगैरे कोणी उभं राहणार नाही. टॅक्सी सांगून ठेवते. किल्ली शेजारच्या बाईंकडे असेल. डाळ-तांदूळ डब्यांत आहेत, गाद्या उन्हात घातल्यात. नवी खेळणी कपाटात खालच्या खणात आहेत, ती मी आणली म्हणून सांगायची गरज नाही.

कोट परत आणा. थंडी आहे म्हणून नव्हे, माझा आहे म्हणून.


९ एप्रिल

वन्सं,

ह्यांना मी काय काय बोलले ते पत्रात लिहिता येत नाही. माणूस मनाने लाख चांगला, पण तोंडाला दार नाही.

पण माझंही चुकलं. तुमच्यापासून लपवायला नको होतं. मला वाटलं तुम्हाला टोचेल, म्हणून गप्प बसले, आणि ते दुप्पट टोचलं. तर आता सगळं सरळ सांगते.

तो कोट मी नाही चढवला, वन्सं. ह्यांनीही नाही. पहिल्या दिवशी सरावात मी म्हटलं, "आता दारात आत्या आहे असं समज." ठकी म्हणाली, "समज नको, आण." आणि आतल्या कपाटातून तो कोट फरफटत घेऊन आली. दोन वर्षांत तिने तो कुठे आहे हे लक्षात ठेवलं होतं. मला काय माहीत? मग ती स्टँडला कोट घालायला लागली, बटणं लावता लावता म्हणाली, "मी टेबलाखाली गेले म्हणून आत्या पळून गेली. आता ती परत आली की मी पिशवी तिच्या हातात देणार, म्हणजे तिला जाताच येणार नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

तिला तुमचं तोंड आवडत नाही असं तुम्ही धरून बसलात, आणि पोर दोन वर्षं स्वतःला दोष देत बसलीय. दोघी एका माळेचे मणी!

वीस तारखेला दारात या हो. नियम असतील, ड्यूटी असेल, राग तर आहेच. तरी या.

वहिनी


२२ एप्रिल

अहो,

पोचलो ते फोनवर कळलंच. पण तेव्हा शेजारी वन्सं उभ्या होत्या, म्हणून नुसतंच "सगळं छान" म्हणाले. तुमच्यावरचा राग अजून आहे, तो आधी बाजूला ठेवते आणि मग सांगते.

माझ्या ९ तारखेच्या पत्राला वन्संकडून उत्तर नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा दारात कोणी येईल की नाही हे माहीत नसतानाच विमानात बसले. दारातच ठकीने एअर होस्टेस बाईंना सांगितलं, "खुर्ची डुगडुगली तर खाली पुठ्ठा घाला, माझा बाबा घालतो." मग बसल्यावर, "टाय कुठे आहेत?" मी तिला खरा पट्टा लावला, तिने नाक मुरडलं पण चालवून घेतलं. ढब्बूने मात्र चालवून घेतलं नाही. आमच्या शेजारी एक सुटाबुटातले गृहस्थ होते, "देवा, माझ्याच नशिबी का?" असा चेहरा करून बसलेले. ढब्बूला त्यांचा टाय दिसला. झालं! त्याने तो ओढून स्वतःच्या पोटावर घेतला आणि दोन्ही मुठींत घट्ट धरला. विमान वर चढेपर्यंत तो बिचारा माणूस मान वाकडी करून माझ्या मांडीवर झुकलेला. मी सोडवायला गेले तर म्हणतो कसा, "राहू द्या, निदान एक प्रवासी तरी नियम पाळतोय."

मग ठकीला शूची आठवण झाली, आणि ती सगळ्या विमानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "विमान थांबवा!" मागच्या एक बाई स्तोत्र म्हणायला लागल्या. आपल्या घरी तुम्ही दर वेळी विमान थांबवत होतात ना, त्याची ही फळं. पायलट काकांना थांबता येत नाही म्हटल्यावर ठकीने तुमच्याबद्दल अभिमानाने सांगितलं, "माझ्या बाबाला येतं."

तिकडून आली ती थेट पुढे. मी ढब्बूला टायपासून सोडवतेय तोवर ही पायलटच्या दारापाशी! "आता माझी पाळी. त्या काकांना उठवा, त्यांची वेळ संपली." एअर होस्टेस बाईंनी हसू दाबत आत निरोप दिला. आणि अहो, खरंच घोषणा झाली. "आजच्या दुसऱ्या पायलट बाईंना कळवण्यात येते, की ढगात खड्डे असल्यामुळे पाळी बदलता येत नाही. तसदीबद्दल क्षमस्व." ठकी अगदी तोऱ्यात जागेवर येऊन बसली. मला म्हणाली, "ह्यांना खड्ड्यांचं माहीत आहे, म्हणजे चांगले आहेत."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. विमान उतरलं, लोक उठले, सामान काढलं, निघाले. ठकी उठेना.

म्हटलं, "चल बाळा." म्हणाली, "आत्या दारात आली की उठायचं." म्हटलं, आत्याला काम आहे, ती घरी भेटेल. पोरीने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "आई, शेवटची पायरी राहिलीय." अहो, दवाखान्यात येणाऱ्या आयांना मी रोज हेच ऐकवते. एक पायरी गाळू नका हो, मूल फसवल्यासारखं होतं. आता माझंच मला कोण ऐकवणार! तिला ओढून न्यायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. रडली असती तर उचलली असती. ती रडत नव्हती, विश्वासाने बसली होती.

विमान रिकामं झालं. झाडायला माणसं आली. सुटातले गृहस्थही राहिले, कारण ढब्बू त्यांच्या अंगावर टाय धरून झोपला होता. एअर होस्टेस बाई ठकीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "तुझी आत्या कुठे असते?" "हरवलेल्या सामानात." त्या आणि दुसऱ्या एअर होस्टेस बाई एकमेकींकडे बघायला लागल्या. मी खुलासा केला. खाली निरोप गेला.

काही वेळाने शिडीवर बुटांचा आवाज आला. ठक, ठक, ठक. वन्संचं चालणं, दुसऱ्या कोणाचं? गणवेश, हातात पावतीपुस्तक, कपाळाला आठ्या. दारात येऊन म्हणाल्या, "काय राहिलंय विमानात?"

मी म्हटलं, "आम्ही."

ठकीने त्यांच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं, आणि मान हलवली. "ही नाही. आत्याला कोट आहे."

वन्संचा चेहरा झरकन उतरला. पुन्हा तेच, पोरीने पुन्हा नाकारलं. "ठीक आहे," म्हणाल्या, वळल्या, आणि शिडीची पहिली पायरी उतरल्यादेखील.

कोट माझ्या हातातल्या पिशवीत होता, तळाशी. मी तो असा खेचला की त्याबरोबर लंगोट, बिस्किटं, बाटली सगळं बाहेर आलं. धावत दारात गेले. कोट पुढे धरला.

वन्संनी कोटाकडे बघितलं. ठकीकडे बघितलं. मग त्या झाडणाऱ्या माणसांकडे, एअर होस्टेस बायांकडे, दरवाजा उघडून बाहेर आलेल्या पायलटकडे. रोज भेटणारी माणसं ती सगळी. मला वाटलं आता गेल्या. पण त्यांनी पावतीपुस्तक माझ्या हातात दिलं, त्या उकाड्यात तो कोट गणवेशावर चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, परत वर येऊन दाराच्या मधोमध उभ्या राहिल्या. आणि दोन्ही हात बाजूला पसरले. ताठ. अगदी आपल्या स्टँडसारखे.

ठकी लगेच उठली. चालत गेली, पिवळी पिशवी त्यांच्या डाव्या हातावर अडकवली. "आत्या, मी आले! आता मी टेबलाखाली जाणार नाही. तू पण पळू नको."

वन्सं रडल्या हो. सगळ्यांसमोर, गणवेशात, नाक लाल होईपर्यंत. पण हात खाली घेतले नाहीत, कारण पिशवी पडली असती.

सुटातल्या गृहस्थांना तेवढंच निमित्त मिळालं. त्यांनी टाय गळ्यातून काढला, टायसकट ढब्बूला वन्संच्या दुसऱ्या हातावर दिलं आणि "तुमचं सामान" म्हणून पळाले.

आता इथे संध्याकाळचा कार्यक्रम काय आहे सांगू? संध्याकाळी ड्यूटीवरून आल्या की वन्सं दारात कोट घालून उभ्या राहतात, आणि ठकी समुद्रावरून आली की त्यांच्यावर पिशवी, टोपी, ओला टॉवेल, शिंपले, सगळं अडकवते. मला म्हणतात, "वन्सं वन्सं करू नकोस गं, नव्वदीची झाल्यासारखं वाटतं." तुमच्या पत्राचा विषय त्यांनी काढलेला नाही. मीही काढत नाही. तुम्ही तर मुळीच काढू नका.

तुमची


२७ एप्रिल

सौ. ना,

पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाइकाला चुकीचा नंबर दिला. माझेच डोळे भरलेले, फळा कुठला दिसतोय!

घर खायला उठतं. खुर्च्या अजून विमानासारख्याच आहेत, उचलाव्याशा वाटत नाहीत. संध्याकाळी मदतनीस प्लास्टरचा पाय सांभाळत जेवायला येतो, त्याला खिडकीजवळची जागा देतो. काल मी सवयीने "ढगात खड्डे आहेत" म्हटलं तर तो खरंच हलला. स्टँड उघडाबोडका उभा आहे, त्याच्यावर टोपीसुद्धा टांगवत नाही.

बाळीला सांग, मी खुंटी म्हटलं नव्हतं, हुबेहूब म्हटलं होतं. नको, राहू दे. काही सांगू नकोस.


१८ मे

वहिनी,

तुम्ही जाऊन दोन आठवडे झाले. घर आवरायचं म्हणून रजा काढली आणि अजून काहीच आवरलेलं नाही. टेबलाखाली एक डावा बूट सापडला. मी तो ऑफिसात नेणार नाही.

निघायच्या दिवशी काय झालं ते तुला माहीत नाही. तुमचं विमान गेलं, मी ड्यूटीवर आले, सामान बघितलं, दोन प्रवाशांशी भांडले, साहेबांना सही दिली. साहेब माझ्याकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, "बाई, हे जमा करायचंय का?" बघते तर डाव्या हातावर ठकीची पिवळी पिशवी! विमानतळाच्या दारात तिने अडकवली होती आणि मी तशीच फिरत होते. पंधरा वर्षं लोकांना मागे वळून बघा म्हणून सांगतेय. पिशवी जमा केलेली नाही. जमा केली की नव्वद दिवसांनी लिलावात जाते, आणि ती कोणी विकत घेतलेली मला चालणार नाही. ठकी रडली असेल तर तिला सांग, पिशवी आत्याच्या हातावरच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे तुझं ९ एप्रिलचं पत्र मला परवा मिळालं. मी ड्यूटीवर असताना पोस्टमनने ते शेजारच्या बाईंकडे दिलं, त्यांनी किल्लीबरोबर ठेवलं, किल्ली तुम्हाला दिली आणि पत्र त्यांच्या साखरेच्या डब्याखाली राहिलं. तू इथे असताना वाटत असेल की ते वाचूनच मी शिडी चढले. नाही गं. मी रागात चढले. निरोप आला तेव्हा मी म्हटलं होतं, जाते आणि चार शब्द सुनावून येते. मग तू कोट पुढे धरलास, आणि पोर माझी वाट बघत बसलेली दिसली. आतापर्यंत सगळे माझ्याकडे हरवलेल्या वस्तूसाठी येत होते. माझ्यासाठी कोणी अडून बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. पत्र आता तीनदा वाचलं. नळ मीही सोडला.

कोट तुमच्याबरोबर परत आलाय, तो तुझ्या बॅगेत मीच घातला. ह्या वेळी विसरलेला नाही, ठेवलाय. दादाला सांग, पाहुण्यांच्या छत्र्या तेवढ्या दूर ठेव.

आता एक गोष्ट सांगते, ती दादाला सांगू नकोस. सांग हवं तर, तो सगळीकडे बोभाटा करणारच आहे. मी पंधरा वर्षं विमानतळावर काढली पण आजवर विमानात बसलेली नाही. त्या दिवशी दारापर्यंत चढले तेवढंच. भीती वाटते मला, फार. म्हणून मागच्या वेळीही आगगाडीनेच आले होते. तरी ऑगस्टमध्ये तुमच्याकडे येतेय, आणि विमानाने येतेय. तिकीट काढलंय.

तुझ्या दवाखान्याची पद्धत लावलीय. रोज संध्याकाळी दोन खुर्च्या मांडते. शेजारच्या बाई पायलट होतात, त्यांना घोषणा करायची भलतीच हौस आहे, ढगांत इतके खड्डे घालतात की पाठ धरली माझी. पट्ट्याला त्या गृहस्थांचा टाय आहे, तो काही कोणी न्यायला आलं नाही. जांभया देते, बिस्किट खाते. मग विमान उतरतं, दार उघडतं आणि दारात पिवळी पिशवी टांगलेली असते. त्या पिशवीच्या जागी ठकी आहे असं समजून मी उठते. रोज, न चुकता.

तेव्हा तुमच्याकडच्या विमानतळावरच्या लोकांशी आतापासूनच बोलून ठेव. नियम मला सांगू नकोस, ते मला तोंडपाठ आहेत. दारात ठकी उभी नसेल तर मी उतरणार नाही.

आत्या